व्हिटिंग्टनचे मांजर आणि व्हिटिंग्टनचा पैसा

सोळाव्या शतकाच्या मध्यावर, सहाव्या एडवर्डच्या राज्यात, लंडनमधल्या सेंट मायकेल पॅटर्नॉस्टर रॉयल या चर्चच्या पाद्र्याला मोह आवरला नाही. टॉमस माउंटन हे त्याचे नाव. त्याच्याच चर्चमध्ये शहराच्या सर्वांत श्रीमंत महापौराची कबर होती आणि एवढा गबर माणूस रिकाम्या हाताने पुरला गेला असेल, हे त्याला पटेना. त्याने कबर उकरली. आत एक म्हातारा सावकार शिशाच्या पत्र्यात गुंडाळून ठेवलेला होता, सोनेनाणे काही नव्हते. मग पाद्र्याने निदान शिशाचा पत्रा तरी काढून घेतला आणि प्रेत पुन्हा पुरले. पुढे मेरी राणीच्या राज्यात चर्चच्या परिसरातल्या रहिवाशांनी ते पुन्हा वर काढले, शिशात गुंडाळले आणि तिसऱ्यांदा पुरले. लंडनचा इतिहासकार जॉन स्टो याने ही हकिगत त्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवली.

रिचर्ड व्हिटिंग्टन १४२३ च्या मार्चमध्ये मरण पावला होता. त्याचा पैसा कबरीत नव्हता, कारण त्याने तो सगळा शहरात वाटून टाकला होता. आणि कसा वाटायचा, याची व्यवस्था इतकी पक्की लावली होती की त्यातला काही भाग अजूनही वाटला जातो आहे.

मात्र इंग्रज मुलांना माहीत असलेला डिक व्हिटिंग्टन वेगळा. तो अनाथ, फाटका पोरगा. लंडनचे रस्ते सोन्याचे आहेत असे ऐकून तो शहरात येतो, फिट्झवॉरन नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी भांडी घासतो, उंदरांनी हैराण होऊन एका पेनीला मांजर विकत घेतो. मालकाचे जहाज परदेशी निघते तेव्हा त्याच्याकडे पाठवायला दुसरे काही नसल्यामुळे तो मांजरच पाठवतो. इकडे छळाला कंटाळून तो पळून निघतो, तेव्हा हायगेटच्या टेकडीवर बो चर्चच्या घंटा त्याला परत बोलावतात आणि तीनदा महापौर होशील असे सांगतात. तिकडे उंदरांनी गांजलेला एक राजा त्या मांजराबद्दल जहाजभर सोने देतो. मालकाची मुलगी ॲलिस त्याची बायको होते. दर नाताळात इंग्लंडच्या नाट्यगृहांत हे कथानक गाण्यांसह अजून रंगते.

या मांजराचा कागदोपत्री पत्ता लागतो तो १६०५ च्या सुमारास, एका नाटकाच्या नोंदीत. व्हिटिंग्टनला जाऊन तेव्हा पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता. कथा तर त्याच्याहूनही जुनी. वस्साफ या इराणी इतिहासकाराच्या ग्रंथात एका विधवेच्या मुलाचे मांजर असेच जहाजातून जाते, आणि जाते ते थेट हिंदुस्थानात. म्हणजे व्हिटिंग्टनला चिकटलेल्या मांजराने त्याआधी आपल्या किनाऱ्याला एक खेप घातलेली होती.

खरा रिचर्ड गरीब नव्हता आणि अनाथही त्या अर्थाने नव्हता. ग्लॉस्टरशरमधल्या पाँटली गावच्या सर विल्यम व्हिटिंग्टन या जमीनदाराचा तो धाकटा मुलगा. जन्म १३५० च्या दशकातला. इंग्रजी वारसाहक्काप्रमाणे जमीन थोरल्याकडे जायची आणि धाकट्यांनी चर्च, फौज किंवा व्यापार यांपैकी काहीतरी पाहायचे. रिचर्डला लंडनला मर्सर व्यापाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला पाठवले गेले. मर्सर म्हणजे उंची कापडाचे व्यापारी. रेशीम, मखमल, जरीचे कापड त्यांनी परदेशातून आणायचे आणि इंग्लंडची लोकर व लोकरी कापड बाहेर पाठवायचे. लंडनमध्ये त्या वेळी चाळीस-पन्नास हजारांची वस्ती असावी, आणि शहराचा कारभार अशा बाराएक बड्या व्यापारी संघांच्या मुठीत होता. महापौर, ऑल्डरमन, शेरीफ सगळे त्यांच्यातूनच निघत. कोणत्याही संघाचा सदस्य नसलेल्या माणसाला शहराच्या राजकारणात जागा नव्हती.

१३७९ मध्ये शहराने वर्गणी गोळा केली, त्यात व्हिटिंग्टनचे नाव पहिल्यांदा दिसते. रक्कम पाच मार्क, म्हणजे मामुली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मात्र तो राजदरबाराचा कापडवाला झाला. दुसरा रिचर्ड हा राजा नटण्यामुरडण्याचा शौकीन होता. १३९२ ते १३९४ या काळात व्हिटिंग्टनने त्याला सुमारे साडेतीन हजार पौंडांचा माल विकला. कसलेल्या गवंड्याला तेव्हा दिवसाला पाचसहा पेन्स मिळत आणि पौंडात २४० पेन्स असत, यावरून ही उधारी किती मोठी होती याचा अंदाज यावा. उधारीच म्हणायला हवे, कारण राजे रोख देत नसत.

राजाशी जुळलेल्या या संबंधाचा उपयोग शहराला १३९७ मध्ये झाला. त्याच्या मुळाशी पाच वर्षांपूर्वीचे भांडण होते. १३९२ मध्ये राजाने लंडनकडे कर्ज मागितले आणि शहराने हात वर केले. राजा चिडला. त्याने महापौराला आणि शेरीफांना कैदेत टाकले, शहराचे स्वशासन काढून घेतले, आपला अधिकारी नेमला आणि सरकारी न्यायालये उचलून यॉर्कला नेली. न्यायालये गेली म्हणजे वकील, अशील, खाणावळी, घोडेवाले सगळ्यांचा धंदा गेला. लंडनने मिरवणुका काढून, नजराणे देऊन राजाची मनधरणी केली, तेव्हा हक्क परत मिळाले, पण राजाची मर्जी असेपर्यंतच. तलवार डोक्यावर टांगती राहिली.

व्हिटिंग्टन १३९३ मध्ये ऑल्डरमन आणि त्याच वर्षी शेरीफही झाला, तो याच वातावरणात. जून १३९७ मध्ये महापौर ॲडम बाम पदावर असतानाच वारला. निवडणुकीची वाट न बघता राजाने हुकूम काढून व्हिटिंग्टनला त्याच्या जागी बसवले. शहराच्या हक्कावर हा उघड घाला होता, आणि दुसरा कोणी असता तर लंडनकरांनी त्याला राजाचा माणूस म्हणून कायमचे बाजूला टाकले असते. पण त्याच उन्हाळ्यात शहराने पैसे मोजून आपले स्वातंत्र्य कायमचे सोडवून घेतले. सौद्याची रक्कम १०,००० पौंड सांगितली जाते आणि मध्यस्थीचे श्रेय व्हिटिंग्टनला दिले जाते. १३ ऑक्टोबरला रीतसर निवडणूक झाली तेव्हा शहराने त्यालाच निवडले. पुढे १४०६ आणि १४१९ मध्ये पुन्हा. म्हणजे कथेतल्या घंटांनी तीनदा सांगितले ते निवडणुकीपुरते खरे. राजाची ती नेमणूक धरली तर चार वेळा होतात.

१३९९ मध्ये दुसऱ्या रिचर्डला त्याच्या चुलतभावाने गादीवरून खाली ओढले. राजाच्या मर्जीतली अनेक माणसे या उलथापालथीत संपली. व्हिटिंग्टनचे मात्र जुन्या राजाकडे एक हजार पौंड येणे होते, ते नव्या राजाने, चौथ्या हेन्रीने, फेडले. वर त्याला आपल्या सल्लागार मंडळात घेतले. हेन्रीच्या ब्लांश आणि फिलिपा या मुलींच्या लग्नांत जरीचे कापड त्याच्याच दुकानातून गेले. पुढचा राजा पाचवा हेन्री, फ्रान्सशी लढून आझँकूरला जिंकणारा. त्यालाही व्हिटिंग्टनचा पैसा लागला. तीन राजे बदलले, सावकार तोच राहिला.

या सावकारीची रीत समजून घेतली पाहिजे. १३८८ पासून मरेपर्यंत त्याने राजांना पन्नासहून अधिक वेळा कर्जे दिली, काही चारपाच पौंडांची तर काही हजारांच्या घरातली. व्याज घेणे चर्चने पाप ठरवलेले असल्यामुळे कागदावर व्याज कुठेच नसे. त्याऐवजी राजा म्हणे, लोकरीवरच्या जकातीतून तुझे पैसे वळते करून घे. मग व्हिटिंग्टन लोकर परदेशी पाठवी आणि तिच्यावरची जकात कर्ज फिटेपर्यंत भरत नसे. शिवाय १४०१ पासून काही वर्षे आणि पुन्हा १४०७ नंतर लंडनच्या बंदरात लोकरीची जकात वसूल करणारा अधिकारीही तोच होता. इंग्लंडची लोकर जिथून युरोपात विकली जाई त्या कॅले बंदरातल्या व्यापारी पेढीचा प्रमुखही तोच, आणि १४०७ मध्ये त्याच वेळी लंडनचा महापौरही. कर्ज देणारा, त्याची वसुली करणारा आणि त्यावर देखरेख करणारा असे तिघे एकाच कोटात. आजच्या महापालिकेत असे कोणी केले तर पहिल्याच सभेत सभात्याग होईल. त्या काळी कोणाला त्यात वावगे वाटले नाही. राजाला पैसा वेळेवर मिळत होता आणि शहराला राजाच्या कानाशी आपला माणूस हवा होता.

महापौर म्हणून तो कडक होता. जून १४१९ मध्ये त्याच्या आधीच्या महापौराने लडगेटचा तुरुंग बंद केला होता. तिथे कर्जबाजारी नागरिकांना ठेवत. तिथला मुक्काम फार सुखाचा, त्यामुळे लोक मुद्दाम कर्ज बुडवतात, अशी सबब होती. त्या कैद्यांना न्यूगेटच्या कोंदट, घाणेरड्या कोठड्यांत हलवले आणि ते तापाने पटापट मरू लागले. त्याच नोव्हेंबरात व्हिटिंग्टनने लडगेट पुन्हा उघडले. स्वतः सावकार असून कर्जबुडव्यांसाठी त्याने हे केले, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवायला हवी. त्याच कारकिर्दीत शहराचा मुख्य लेखनिक जॉन कार्पेंटर याने लंडनचे सारे कायदे, रूढी आणि हक्क एका ग्रंथात बांधले. 'लिबर आल्बस', म्हणजे पांढरे पुस्तक, या नावाने तो ओळखला जातो.

पण दारू गाळणाऱ्यांना विचारले असते तर त्यांनी व्हिटिंग्टनबद्दल वेगळे काही सांगितले असते. विचारायची गरज नाही, त्यांनी लिहूनच ठेवले आहे. त्यांच्या संघाच्या लेखनिकाने, विल्यम पोरलंडने, नेमके याच काळात दप्तर इंग्रजीत लिहायला सुरुवात केली आणि त्यात मनातली सगळी जळजळ उतरवली. बिअरची जुनी बहीण म्हणावी ती एल लंडनमध्ये घरोघर प्यायली जाई आणि तिच्या भावावर महापौराचे नियंत्रण असे. व्हिटिंग्टन या भावाच्या मागे हात धुऊन लागला होता. १४२२ मध्ये, स्वतः महापौर नसतानाही, त्याने तेव्हाचा महापौर रॉबर्ट चिचेली याच्याकडे तक्रार केली. संघाच्या प्रमुखांना शहराच्या कचेरीत, गिल्डहॉलमध्ये, बोलावून महाग एल विकल्याबद्दल वीस पौंड दंड ठोठावला गेला आणि तो भरेपर्यंत अटकेत राहण्याचा हुकूम झाला. महापौर आणि ऑल्डरमन जेवायला घरी गेल्यावर त्या बिचाऱ्यांनी खजिनदाराला विचारले, आता आम्ही काय करायचे? उत्तर मिळाले, घरी जा, तुम्हाला काही होणार नाही, हे सगळे रिचर्ड व्हिटिंग्टनची समजूत काढायला केले आहे. रागाचे मूळही दप्तरात आहे: मद्यवाल्यांनी आपल्या सणाच्या मेजवानीला लठ्ठ राजहंस शिजवले होते, ते त्याला खपले नाही. हंसाचे मांस हे बड्यांचे खाणे. भाव वाढवून मिळवलेल्या पैशात ही मंडळी हंस खातात, असे म्हाताऱ्याच्या मनात आले असावे. किंवा त्याला आमंत्रण नसावे.

त्याची बायको ॲलिस फिट्झवॉरन, डॉर्सेटच्या सर आयव्हो फिट्झवॉरनची मुलगी, १४११ च्या आसपास वारली. मूलबाळ नव्हते. त्याने पुन्हा लग्न केले नाही. बड्या व्यापाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे खेड्यात जमीनजुमला घेऊन घराण्याचे नाव रुजवायचीही खटपट त्याने केली नाही. संपत्ती बहुतेक रोख आणि येण्यांत होती. तिचे करायचे काय, हा प्रश्न त्याच्यापुढे शेवटची बाराएक वर्षे होता, आणि त्याची उत्तरे तो जिवंतपणीच देऊ लागला.

त्यातले सर्वांत अस्सल उत्तर थेम्सच्या काठी, त्याच्याच व्हिंट्री वॉर्डात उभे राहिले. लंडनकर त्याला व्हिटिंग्टनचे लाँगहाउस म्हणत. लांबलचक इमारत, आत बसण्याच्या दोन रांगा, एकीत ६४ पुरुषांसाठी, दुसरीत ६४ स्त्रियांसाठी. एकूण १२८ जागांचा सार्वजनिक संडास. खाली घळ खोदलेली. भरतीचे पाणी दिवसातून दोन वेळा आत शिरे आणि ओहोटीबरोबर सगळे घेऊन जाई. भंगी नको, नळ नको, चंद्राच्या हवाली सगळी सफाई. वरच्या मजल्यावर वॉर्डातल्या गरिबांसाठी पाचसहा खोल्या होत्या. खाली काय चालते हे लक्षात घेता त्या खोल्यांचा मोह कोणाला होणार नाही, पण डोक्यावर छप्पर होते. स्त्रियांसाठी पुरुषांइतक्याच जागा, हे मला यातले सर्वांत लक्षणीय वाटते. आपल्या मुंबईत बायकांना मोफत आणि पुरेशा मुताऱ्या मिळाव्यात म्हणून २०११ पासून मोहीम चालवावी लागली.

दुसरे दान नदीपलीकडे साउथवर्कला. तिथल्या सेंट टॉमस इस्पितळात त्याने आठ खाटांची एक खोली बांधून दिली, लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींसाठी. विल्यम ग्रेगरीच्या नावाने ओळखली जाणारी पंधराव्या शतकातली लंडनची बखर याबद्दल सांगते: या मुली सुधारतील या विश्वासाने त्याने ही सोय केली, आणि खोलीत जे घडेल ते बाहेर फुटता कामा नये, अशी सक्त अट घातली. कोणा मुलीची अब्रू जाऊ नये आणि पुढे तिचे लग्न मोडू नये, हे कारण. ज्या काळात दानशूर माणूस आपले चिन्ह खिडकीच्या काचेवर रंगवून घेई, त्या काळात गुप्तता ही दानाची अट होती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी फसलेल्या विधवांसाठी घर उघडले तेव्हाही गुपचूप येऊन बाळंत व्हा, असेच आश्वासन द्यावे लागले होते.

तिसरे दान ग्रेफ्रायर्स मठाच्या ग्रंथालयाचे. १४२१ मध्ये त्याची पायाभरणी झाली. स्टोच्या माहितीप्रमाणे इमारत १२९ फूट लांब, ३१ फूट रुंद, वाचायला २८ मेजे. पुस्तकांसकट एकूण खर्च ५५६ पौंड, त्यांपैकी ४०० व्हिटिंग्टनचे. घराशेजारचे चर्चही त्याने नव्याने बांधून काढले. पुढे माउंटनने उकरले ते हेच.

हे सगळे निव्वळ भूतदयेने झाले असे कोणी समजू नये. मध्ययुगीन ख्रिस्ती माणसाचा ठाम विश्वास होता की मेल्यावर आत्म्याला पापक्षालनासाठी यातना भोगाव्या लागतात आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनांनी त्या कमी होतात. आयुष्यभर नाव न घेता व्याज कमावलेल्या माणसाला त्याची धास्ती जास्त असणार. दानाचा पैसा एका अर्थाने पुढच्या प्रवासाचे भाडे होते. पण हे भाडे बहुतेक श्रीमंत मेणबत्त्या, घंटा आणि सोनेरी वस्त्रे यांच्या रूपाने भरत. व्हिटिंग्टनने ते संडास, खाटा, पाणी आणि पुस्तके यांच्या रूपाने भरले, त्याचे श्रेय त्याच्या शहरी डोक्याला द्यायला हवे.

सप्टेंबर १४२१ मध्ये मृत्युपत्र झाले. मागे राहिलेली संपत्ती सुमारे ७,००० पौंड. ती वाटण्याचे काम चार विश्वस्तांवर सोपवले, आणि त्यांतला मुख्य माणूस होता तोच जॉन कार्पेंटर, शहराचे दफ्तर तळहातासारखे जाणणारा. निवड अचूक ठरली. पुढच्या काही वर्षांत त्यांनी माणसे मरत होती तो न्यूगेटचा तुरुंग पाडून नवा बांधला. बिलिंग्जगेट आणि क्रिपलगेटला लोकांसाठी पाण्याच्या तोट्या बसवल्या. गिल्डहॉलच्या दिवाणखान्यात संगमरवरी फरशी घातली, त्याला लागून ग्रंथालय काढले. सेंट मायकेल चर्चशेजारी पाद्र्यांचे महाविद्यालय आणि तेरा गरीब वृद्धांचे आसराघर सुरू केले.

आसराघराची १४२४ ची नियमावली शिल्लक आहे. पहिल्या पानावर चित्र आहे: वाळलेला, उघडा व्हिटिंग्टन मरणशय्येवर, भोवती विश्वस्त, वैद्य आणि पाद्री, पायथ्याशी जपमाळ हाती घेतलेले वृद्ध. नियमही वाचण्यासारखे. प्रत्येकाला स्वतःची खोली आणि त्यात शेकोटी हवी, म्हणजे एकांत मिळेल. कपडे साध्या, गडद रंगाचे असावेत, भडक नकोत. तेरांतल्या प्रमुखाला आठवड्याला सोळा पेन्स, बाकीच्यांना चौदा. बदल्यात रोज प्रार्थना करायची. प्रार्थना कोणासाठी, तर व्हिटिंग्टन, ॲलिस आणि दोघांचे आईबाप यांच्यासाठी, शिवाय दुसरा रिचर्ड राजा आणि ग्लॉस्टरचा ड्यूक टॉमस यांच्यासाठी. हा टॉमस म्हणजे १३९७ मध्ये याच राजाच्या कैदेत, कॅलेला मारला गेलेला त्याचा सख्खा काका. दोघेही व्हिटिंग्टनची जुनी गिऱ्हाइके आणि पाठीराखे. त्यांचा हिशेब त्याने एकाच प्रार्थनेत मिटवला.

दानांचे पुढे काय झाले, हे ती कोणाच्या हाती होती यावर ठरले. चर्चच्या हाती होते ते धर्मसुधारणेच्या वावटळीत गेले. ग्रेफ्रायर्सचा मठ बंद पडला. १५४८ मध्ये पाद्र्यांचे महाविद्यालय विसर्जित झाले. गिल्डहॉलच्या ग्रंथालयाची गत आणखी वाईट. बालराजा सहाव्या एडवर्डचा कारभारी ड्यूक ऑफ सॉमरसेट याने १५४९ च्या सुमारास पुस्तके वाचायला मागवली, तीन गाड्या भरून नेली आणि परत केलीच नाहीत. त्यानंतर गिल्डहॉलला ग्रंथालय मिळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. लाँगहाउस आणि चर्च लंडनच्या १६६६ च्या मोठ्या आगीत जळाले. वास्तुविशारद रेनने चर्च पुन्हा बांधले, पण कबरीचा ठाव गेला. १९४९ मध्ये तिचा शोध घेतला तेव्हा व्हिटिंग्टन सापडला नाही, एक वाळलेले मृत मांजर मात्र सापडले. ते व्हिटिंग्टनच्या काळातले असण्याचे कारण नाही, पण वर्तमानपत्रांना आणखी काय हवे होते?

आसराघर मात्र टिकले, कारण विश्वस्तांनी ते पाद्र्यांकडे न देता मर्सर व्यापाऱ्यांच्या संघाकडे दिले होते. संघ टिकला, हिशेब ठेवत राहिला, जमिनींचे भाडे वसूल करत राहिला. एकोणिसाव्या शतकात आसराघर हायगेटजवळ हलले, तिथून १९६६ मध्ये लंडनच्या दक्षिणेला, ईस्ट ग्रिनस्टेडजवळच्या फेलब्रिज गावी. हायगेटच्या पायथ्याशी आज व्हिटिंग्टन इस्पितळ उभे आहे आणि जवळच्या स्मारकशिळेवर १९६४ पासून दगडी मांजर बसले आहे. मर्सर्स कंपनी अजूनही त्या निधीची विश्वस्त आहे आणि त्यातून गरजूंना मदत देते. निधीचे अधिकृत नाव 'सर रिचर्ड व्हिटिंग्टन यांचा धर्मादाय' असे आहे. ज्या तीन राजांना त्याने आयुष्यभर कर्ज पुरवले, त्यांपैकी एकानेही त्याला 'सर' केले नव्हते.